डोंगा थांबवा पहिले

काठावरून गळ टाकणं आम्हा चौघांनाही येत होतं. नागपूरच्या महाल भागात राहणारा मित्र तर शाळकरी वयापासून वडिलांबरोबर तलावांवर जाणारा. वारा, ऊन आणि पाण्याचा रंग बघून मासा कुठे असेल हे तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो. तरीही कयाकवरून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या नावेवरून, मासेमारी सुरू केल्यावर सुरुवातीचा बराच काळ मासा बाजूलाच राहिला. आम्हाला शिकावं लागलं ते पाण्यावर एका जागी थांबायला. या प्रकारात नव्याने उतरणारा प्रत्येक जण रॉड कोणता, रील कोणती, ल्युअर (नकली आमिष) कोणतं, असं विचारत येतो. माझ्या मते पहिला प्रश्न हवा तो नाव थांबवणार कशी, हा.

कयाकच कशासाठी, ते आधी सांगतो. आम्हाला मरळ हवी होती. ती काठाच्या जवळच असते, पण काठावरून हाती येत नाही. आमच्याकडच्या तलावांना काठाशी बेशरमाच्या झुडपांची दाट रांग, तिच्यापुढे गुडघाभर गाळ, गाळापुढे कमळाची पानं आणि त्या पानांच्या आतल्या कडेला मरळ. काठावरून फेकलेलं ल्युअर तिथपर्यंत जातं. मासाही लागतो. पण त्याला एवढ्या देठांमधून ओढून आणायचं म्हणजे एक तर दोरी तुटते, नाही तर गळ सुटतो. तेच पाण्याच्या बाजूने जाऊन काठाकडे फेकलं की मासा मोकळ्या पाण्याकडे ओढता येतो. वीतभर पाण्यातून जाणारी, इंजिन नसलेली, एका माणसाने खांद्यावर घेता येईल अशी नाव म्हणजे कयाक.

नागपुरात दुकानात जाऊन हात लावून कयाक घ्यावी, अशी सोय आम्हाला सापडली नाही. कडक प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या प्रकारातल्या दोन जुन्या कयाक मुंबईहून मागवल्या. ट्रान्सपोर्टने शहराबाहेरच्या वाडीला आल्या, तिथून कारच्या टपावर. तिसरी हवा भरायची आहे. ती सदर भागात राहणाऱ्या मित्राची. डिकीत मावते, घरात कपाटावर राहते. पण आपल्याकडचा काठ म्हणजे बाभळीचे काटे. म्हणून ती ताडपत्रीवरच फुगवायची आणि ताडपत्रीवरून सरळ पाण्यात ढकलायची. चौघं असून कयाक तीनच ठेवल्या, त्या विचार करून. एक जण काठावर राहतो. त्याच्याजवळ फोन, गाडीची चावी, लांब दोर आणि पाण्याची कॅन. पाळीपाळीने तो मान सगळ्यांना मिळतो.

जागा ठरवायला वेळ लागला. अंबाझरी आणि फुटाळा घराजवळ, पण शहरातल्या तलावांत जलपर्णी, सांडपाणी आणि माणसांची गर्दी. नाग नदीचा तर विचारच नको. शहराची घाण घेऊन ती कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला. तोतलाडोह जलाशय सुंदर आहे, पण तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी अफाट पसरलेलं. वारा सुटला की तिथे समुद्रासारख्या लाटा उठतात आणि नवख्या माणसाने त्यात जाऊ नये. शेवटी उमरेडच्या पुढे एक मामा तलाव धरला. नाव लिहीत नाही. तिथल्या संस्थेला गर्दी नको आहे आणि आम्हालाही.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगावं लागतं. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यातले कित्येक गोंड राजवटीत कोहळी लोकांनी धानाच्या ओलितासाठी बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले, मात्र गावाचा त्यावरचा वहिवाटीचा संबंध तुटला नाही. पाणी शेतकऱ्यांचं, मासा ढिवरांचा, म्हणजे मासेमार समाजाचा. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून तीच संस्था तलावात सोडते. म्हणजे त्या पाण्यातला मासा कुणाच्या तरी पैशाचा, कुणाच्या तरी वर्षभराच्या कामाचा आहे. हौशी मासेमार हे सोयीस्करपणे विसरतात, याचा मला मनापासून राग येतो. आम्ही आधी संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, मग पाटबंधारेच्या कार्यालयात अर्ज दिला. संस्थेशी बोलणं असं ठरलं: दिवसाची ठरावीक रक्कम द्यायची, ठेवलेल्या माशाचा बाजारभाव वेगळा द्यायचा, जाळी लावलेल्या भागात जायचं नाही आणि शिंगाड्याच्या वेलींपासून लांब राहायचं. कागदावर लिहून सह्या केल्या.

उजाडायच्या आत तलावावर येऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं. कऱ्हांडल्याचं जंगल फार लांब नाही आणि उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो. त्यामुळे पहाटेच्या अंधारातली मासेमारी आम्ही यादीतून काढून टाकली.

पाण्यात उतरायचं कुठे शिकायचं, हा पुढचा मुद्दा. काटोलकडे एका नातेवाइकाच्या संत्र्याच्या बागेत मोठं शेततळं आहे, स्वच्छ पाणी, वारा कमी. सगळ्यांचं पहिलं मत तिथेच जाऊ असं पडलं. मी नको म्हटलं. अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याचा प्लॅस्टिकचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारा माणूससुद्धा त्यातून वर येऊ शकत नाही. शेततळ्यात बुडून माणसं जातात ती खोलीपेक्षा या उतारामुळे. म्हणून सराव केला तोही त्याच तलावावर, पाळीजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, कंबरभर पाण्यात.

सराव म्हणजे मुद्दाम पडणं. कयाक उलटवायची, खाली जायचं, वर यायचं, पॅडल सोडायचं नाही. मग कयाकच्या लांब कडेला जाऊन समोरची कड धरायची आणि आपल्याकडे ओढून ती सुलटी करायची. नंतर चढायचं. चढताना हातांच्या जोरावर वर येऊ म्हटलं तर कयाक अंगावर येते. पाय मागे पाण्यावर तरंगत ठेवून, जोरात पाय मारत, पोटावर आडवं पडायचं. पोट कयाकवर आलं की कुशीवर वळून बूड बैठकीत टाकायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. पोट, बूड, पाय, हा क्रम पाठ झाला पाहिजे. आम्ही हे आधी कंबरभर पाण्यात केलं, मग पाय न टेकणाऱ्या पाण्यात, मग लाइफ जॅकेटवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून. हिंगण्याला कारखान्यात काम करणारा आमचा चौथा मित्र अंगाने भारी आहे. त्याला चढणं जमेपर्यंत आम्ही रॉड गाडीतून काढलेच नाहीत. लाइफ जॅकेटबद्दल एवढंच सांगतो की ते अंगात, बक्कल लावून; बैठकीमागे खोचलेलं जॅकेट पडलेल्या माणसाच्या कामाचं नसतं.

आता थांबण्याकडे येतो.

मरळीसाठी पोकळ रबरी बेडूक वापरतात. त्याचे दोन गळ अंगालगत वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून सरकतो तरी अडकत नाही. तो कमळाच्या पानावर टाकायचा, दोन-तीन क्षण अजिबात हलवायचा नाही, मग कडेवरून हळूच पाण्यात घसरवायचा. सगळी गंमत त्या न हलवण्यात आहे. काठावर उभं राहून हे सोपं आहे. कयाकवर मात्र गालाला जाणवेल न जाणवेल एवढी झुळूक आली तरी नाव सरकते, दोरी ताणली जाते आणि बेडूक पानावरून आपोआप ओढला जातो. फेकलं की उलट्या धक्क्याने नावेचं तोंड वळतं. दोरी गुंडाळली की नाव बेडकाकडे जाते. एक हात पॅडलला, एक रॉडला, आणि दोन्ही कामं अर्धवट. शिवाय पॅडलचा दांडा प्लॅस्टिकला लागून ठक्क झालं की तो आवाज पाण्यात लांबवर जातो आणि आसपासची मरळ गप्प बसते.

चार पाती उघडणारा छोटा लोखंडी नांगर आम्ही आणला होता. त्याचा दोर नावेच्या मधोमध बाजूला कधी बांधायचा नाही, हे पहिल्यांदा लक्षात ठेवायचं. वारा वाढला की ती बाजू खाली दाबली जाते आणि नाव पलटते. नांगर नेहमी टोकाला. यासाठी कयाकच्या एका बाजूला पुढून मागे दोन छोट्या कप्प्यांवरून (पुलींवरून) दोरीचा फेरा बसवतात. बसल्या जागेवरून दोरी ओढली की नांगराचा दोर टोकापर्यंत सरकतो. ते हिंगण्याच्या मित्राने स्वतः बसवलं, आणि उत्तम बसवलं. खोल, स्वच्छ तळाच्या पाण्यात ते छान चालतं. पण मामा तलावाच्या गाळात नांगर टाकला की खालून बुडबुडे आणि काळं पाणी वर येतं आणि काढताना पाच-सात किलो शेवाळ त्याच्याबरोबर येतं. तोपर्यंत मासा कशाला थांबतो?

संस्थेतले एक वयस्क ढिवर आमच्याकडे रोज बघत असत. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. ते सकाळी डोंग्यातून, म्हणजे आपल्या छोट्या नावेतून, जाळी काढायला निघत. एकदा आमच्या जवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "भाऊ, डोंगा थांबवा पहिले. मंग गळ फेका. डोंगा हालते तं मासा समजते." मग त्यांनी आपल्या डोंग्यातला बांबू दाखवला. मनगटाहून बारीक, पुरुषभर उंचीपेक्षा थोडा लांब, खालचं टोक तासलेलं. तो त्यांनी डोंग्याच्या मागच्या टोकाशी तिरपा गाळात दाबला, वर दोरीचा एक वेढा दिला आणि डोंगा जागच्या जागी उभा. आवाज नाही, गढूळ पाणी नाही.

पुढच्या वेळी आम्ही तीन बांबू घेऊन गेलो. बाबांनी ते हातात घेऊन वाकवून पाहिले, एक नाकारला आणि स्वतःकडचा दिला. "हा वला हाये, मोडते," एवढंच म्हणाले.

बांबूचं तंत्र त्यांनी आम्हाला एका सकाळी शिकवलं आणि आम्ही ते अजून घोटतो आहोत. वारा पाठीवर घ्यायचा. ज्या कडेवर फेकायचं तिच्या वरच्या वाऱ्याला, फेकीच्या अंतरावर, पॅडल न वाजवता यायचं. मागच्या टोकाला असलेल्या कडीतून बांबू घालून तिरपा दाबायचा. सरळ दाबला तर नाव त्याच्याभोवती फिरते. दोरीला ओढताच सुटणारी गाठ मारायची आणि तिचं टोक मांडीजवळ आणून ठेवायचं. मासा लागला की तेच टोक ओढायचं. नाव मोकळी होते, बांबू तिथेच उभा राहतो. त्याच्या डोक्याला आम्ही भगव्या कापडाची पट्टी बांधली आहे, म्हणजे परत येताना सापडतो. चार-पाच फुटांपेक्षा खोल पाण्यात याचा उपयोग नाही. पण मरळही तेवढ्या उथळ पाण्यातच मिळते, त्यामुळे जुळतं.

नाव थांबायला लागल्यावर तलाव ऐकू यायला लागला. मरळीला श्वासासाठी वर यावंच लागतं. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा वेगळा अवयव असतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी ती जगते, पण हवा घ्यायला पृष्ठभागावर येते. ती वर आली की एक छोटा, ओला "बुळ्ळक" असा आवाज होतो आणि दोन-तीन बुडबुडे राहतात. पॅडल मारत फिरणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही. थांबलेल्याला येतो, आणि मग कुठे फेकायचं हे ठरवायची गरज उरत नाही.

मार्चमधल्या एका सकाळी माझ्या उजव्या हाताला असाच आवाज झाला. बुडबुड्यांच्या पलीकडे, पानांच्या दाटीत बेडूक टाकला. पानावर थांबू दिला. कडेला आणला, घसरवला, आणि पाणी फुटलं. इथे हात आवरावा लागतो. मरळ बेडूक तोंडात घेऊन वळेपर्यंत एक-दोन आकडे मनात म्हणायचे, सैल दोरी गुंडाळायची आणि मग कमरेतून झटका द्यायचा. कयाकवर झटक्यातला बराच जोर नावच खाऊन टाकते, कारण ती पुढे सरकते. म्हणून दोन्ही पाय पायटेकणीवर रोवलेले हवेत, दोरी न ताणणारी पन्नास पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली, हवी आणि रॉड ताठ हवा. झटका बसला. मी गाठ ओढली. त्यानंतर काही क्षण मी मासा ओढत नव्हतो, मासा मला ओढत होता. कयाकचं तोंड वळलं आणि आम्ही दोघं कमळांत शिरलो. ती देठांच्या बुडाशी जाऊन बसली. काठावर असतो तर इथे संपलं असतं. कयाकवरून मी दोरी गुंडाळत तिच्या डोक्यावर गेलो, दोरी उभी केली आणि एका हाताने देठ बाजूला करत राहिलो. थोड्या वेळाने ती स्वतःच हलली आणि वर आली.

जाळीत घेतली तेव्हा अडीच किलोच्या पुढे होती. पाठ काळपट शेवाळी, बाजूवर विखुरलेले पांढरे ठिपके, डोकं चपटं, त्यावर मोठे खवले, खालचा जबडा पुढे. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते तिचे डोळे, इतके पुढे आणि वर बसवलेले की ती थेट आपल्याकडे बघते. गळाचा उलटा काटा आम्ही आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असतो, त्यामुळे गळ लगेच निघतो. मरळ कयाकच्या कडक प्लॅस्टिकवर आपटू द्यायची नाही, हात ओले करूनच धरायची. ती पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, म्हणून माणसं तिला बेफिकिरीने हाताळतात. ते बरं नाही.

ती सोडून दिली. तेव्हा बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. संस्थेसाठी मरळ दोन्ही बाजूंनी आहे. ती बोटुकली खाते, पण बाजारात तिला रोहूपेक्षा चांगला भाव मिळतो. आम्ही कधी एखादी ठेवतो, तिचे पैसे देतो आणि सावजीचा मसाला घालून रस्सा करतो. थाई मांगूर हा बाहेरून आलेला मासा लागला तर मात्र तो परत पाण्यात टाकायचा नाही, असं ठरलेलं आहे. त्याच्या पैदाशीवर देशात 2000 पासून बंदी आहे आणि तो तलावातलं बाकी सगळं खाऊन टाकतो.

एक नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला आणि त्यावर कुणाशी वाद घालायला मी तयार आहे. पावसाच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात कमळांच्या मोकळ्या जागेत ताटाएवढा लालसर-नारिंगी डाग दिसतो, आणि तो सरकतो. जवळून बघितलं तर बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं एकत्र वरखाली करताना दिसतात. त्यांच्याखाली आईबाप असतात. त्या डागावर बेडूक टाकला की मरळ हमखास येते, कारण ती भुकेने येत नाही, पिल्लं राखायला येते. गळ टाकायला शिकलेला पोरसुद्धा ती धरू शकतो. आणि ती गेली की तो नारिंगी डाग तिलापिया आणि इतर मासे फार लवकर संपवतात. समाजमाध्यमांवर असे मोठ्या मरळीचे फोटो भरपूर फिरतात. मला त्यात कौशल्य दिसत नाही. महालच्या मित्राला जूनच्या आरंभी असा डाग दिसला तेव्हा त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं आणि तिघंही पॅडल न वाजवता मागे आलो. पहिला चांगला पाऊस झाला की तलाव बंद, असं त्याच दिवशी ठरलं.

बाकी हवामानाचं. नागपूरच्या उन्हात मार्चनंतर साडेनऊ-दहाला पाण्याबाहेर यायचं, ते उन्हापेक्षा वाऱ्यासाठी. सकाळी आरसा असलेलं पाणी अकराला उसळायला लागतं आणि परतीची वाट वाऱ्याविरुद्ध असते. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडाकडे जायचं, येताना तो मदतीला येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेला काळं आलं, गडगड ऐकू आली की मासा लागलेला असो वा नसो, काठावरचा माणूस शिट्टी मारतो आणि सगळे बाहेर. आजकालचे रॉड ग्रॅफाइटचे असतात, त्यांतून वीज वाहते. उघड्या तलावात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपल्या हातातला तो रॉड. डिसेंबर-जानेवारीत मरळ सुस्त असते. तेव्हा आम्ही मासा धरायला फारसे जात नाही. पट्टकादंब हे पाहुणे पक्षी आलेले असतात, त्यांना उठवायचं नाही म्हणून लांबूनच बघतो.

गेल्या पावसाळ्यात एक कयाक आम्ही संस्थेकडे ठेवली. बाबांनी ती जाळी काढायला नेऊन पाहिली आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "जाळं ओढाले नाही जमत. हलकी हाये, आपणच ओढल्या जातो." पण ती गाळात रुतत नाही आणि वेलींवरून सरकते, हे त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. शिंगाडा तोडायला इतकी वर्षं त्या ट्रकच्या ट्यूबवर बसून, अर्ध्या पाण्यात जात होत्या. दसऱ्यानंतर तोडणी सुरू झाली तेव्हा कयाकच्या मागच्या खोबणीत टोपलं ठेवून त्या वेलींमधून फिरत होत्या, बांबू टेकत, पॅडल घरीच ठेवून. आता तोडणी संपेपर्यंत ती कयाक त्यांच्याकडे असते आणि आमचं मरळीचं पुढचं वेळापत्रक त्यांना विचारून ठरतं.